मातीचा अंगरखा : नो-गी जिउ-जित्सू, ज्युदो आणि इंदापूर-बारामतीची कुस्ती

१/
२००५ सालची महाराष्ट्र केसरी स्पर्धा इंदापुरात झाली आणि मानाची गदा सईद चाऊस यांच्या खांद्यावर गेली. २००६ साली तीच स्पर्धा शेजारच्या बारामतीत भरली आणि अमोल बुचडे महाराष्ट्र केसरी झाले. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन लगतच्या तालुक्यांना लागोपाठ हा मान मिळावा, यात नवल वाटण्यासारखे काही नव्हते. नीरा डावा कालवा, त्यावर वाढलेला ऊस, उसावर उभे राहिलेले साखर कारखाने आणि गावोगावच्या जत्रांत भरणारा कुस्त्यांचा फड, ही या मुलखाची ओळखच आहे. संस्थानिकांचा आश्रय गेल्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात पैलवानांना जो नवा आश्रय मिळाला तो कारखान्यांचा आणि राजकारण्यांचा. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे अध्यक्षपदही अनेक वर्षे बारामतीच्याच शरद पवार यांच्याकडे होते.

२/
नेमक्या त्याच काळात अमेरिका आणि ब्राझील येथील कुस्तीप्रेमींमध्ये एक वाद रंगात आला होता : जिउ-जित्सू अंगरखा घालून शिकावे की अंगरख्याशिवाय? अंगरख्याशिवायच्या प्रकाराला ‘नो-गी’ हे नाव रूढ झाले होते आणि २००७ साली त्याची स्वतंत्र जागतिक स्पर्धाही सुरू झाली. आज पुण्या-मुंबईतील तरुण हा शब्द सहज वापरतात. त्यांच्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की नो-गी ही अलीकडची गोष्ट आहे. मूळ विद्या अंगरख्याची आणि त्यातून अंगरखा वजा केला की नो-गी उरते.

इंदापूरच्या हौदात उभे राहून पाहिले, तर हा हिशेब उलटा दिसतो.

३/
प्रथम ‘गी’ म्हणजे काय ते पाहू. जाड विणीचा सुती अंगरखा, विजार आणि कमरेला पट्टा असा हा पोशाख. तो केवळ गणवेश नव्हे, ते हत्यार आहे. प्रतिस्पर्ध्याची बाही धरून त्याचा हात निकामी करता येतो, गळपट्टी ओढून तोल घालवता येतो आणि त्याच गळपट्टीने गळा आवळून सामना संपवताही येतो. चार बोटे कापडात अडकली की दमलेला, घामाने निथळणारा माणूसही सुटू शकत नाही. म्हणून अंगरख्यातील लढत संथ असते. एकेक पकड सोडवायला मिनिट मिनिट जाते.

४/
ही विद्या जपानची. सामुराईंच्या जुन्या जुजुत्सूमध्ये समोरचा माणूस कपडे घातलेला असणार, हे गृहीतच धरलेले होते. जिगोरो कानो यांनी १८८२ साली टोकियोत कोदोकान ही संस्था काढली आणि जुन्या जुजुत्सूला ज्युदोचे शिस्तबद्ध रूप दिले. त्यांच्या परंपरेतील मित्सुयो माएदा देशोदेशी सामने करत १९१४ साली ब्राझीलला पोहोचले. त्यांची विद्या कार्लोस ग्रेसी यांच्याकडे आणि पुढे धाकटे भाऊ हेलिओ यांच्याकडे गेली. ब्राझिलियन जिउ-जित्सू म्हणतात ते हेच. जपानी अंगरखा तिच्याबरोबर समुद्र ओलांडून गेला तो असा.

भारतातही अंगरखा आला होता. रवींद्रनाथ ठाकुरांच्या निमंत्रणावरून ज्युदोशिक्षक शिंझो ताकागाकी १९२९ साली शांतिनिकेतनात आले. पण ती बंगालची गोष्ट. महाराष्ट्राच्या तालमी तेव्हा आपल्या लंगोटातच होत्या.

५/
लंगोटाची परंपरा किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोदावर स्वतंत्र प्रकरण आहे. मल्लांचे वर्ग, त्यांचा आहार, त्यांचा सराव यांची त्यात तपशीलवार चर्चा येते. ज्या ग्रंथात मराठीचे अगदी जुने नमुने सापडतात, तोच हा ग्रंथ. पुण्यातील चिंचेची तालीम १७८३ सालची. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी रोमचे प्राचीन मैदान पाहून आल्यावर खासबाग मैदान उभारले, ते १९१२ साली पूर्ण झाले. या सगळ्या काळात पैलवानाच्या अंगावर लंगोट, त्यावर फार तर चड्डी. पकडायला बाही नाही, गळपट्टी नाही.

तेव्हा महाराष्ट्र शतकानुशतके नो-गीच खेळत आला, असे म्हणून मोकळे व्हावे का? समाजमाध्यमांवर तसे अभिमानाने लिहिले जाते. पण ते अर्धेच खरे आहे आणि दुसरा अर्धा भाग अधिक मनोरंजक आहे.

६/
कारण अंगावर वस्त्र नाही याचा अर्थ पकड नाही, असा होत नाही.

जत्रेच्या फडातील कुस्ती आठवा. हलगी कडाडते. दोन पैलवान समोरासमोर येतात, खाली वाकतात आणि ओंजळीत माती घेतात. ती कपाळाला लावून झाली की एकमेकांच्या मानेवर, पाठीवर, दंडांवर टाकतात. परगावचा पाहुणा याला निव्वळ विधी समजतो. त्यात श्रद्धा आहे हे खरेच. पण त्यात फार व्यवहारी शहाणपणही आहे. घामेजलेल्या कातडीवर कोरड्या मातीचा थर बसला की हात घसरत नाही. मनगट पकडले की पकडलेले राहते. मानेवरचा हात मानेवरच टिकतो.

जपानी माणसाने जे काम कापडाकडून करून घेतले, ते इथे मातीकडून करून घेतले गेले. पैलवान उघडा नसतो. त्याच्या अंगावर मातीचा अंगरखा असतो.

७/
ही माती साधी नसते. बारामती-इंदापूरची उसाची जमीन काळी. ती भिजली की चिकटते आणि वाळली की तिची ढेकळे होतात. तिच्यावर कुस्ती खेळता येणार नाही. हौदासाठी तांबडी माती निवडून आणतात, चाळतात, खडा न् खडा वेचतात. तिच्यात तेल, हळद, ताक, लिंबू, कापूर असे जिन्नस वस्तादाच्या हिशेबाने मिसळतात. फार कोरडी झाली तर ती अंगावर ठरत नाही, फार ओली झाली तर चिखल होतो. रोज पहाटे पोरांनी हौद उकरायचा, हा व्यायाम तर आहेच. पण तो पकडीच्या साधनाला धार लावण्याचाही प्रकार आहे. ज्युदोचा विद्यार्थी आपला अंगरखा धुऊन घडी घालून ठेवतो, तसाच.

८/
या नजरेने पाहिले, की जगभरच्या कुस्त्यांची मांडणी वेगळीच दिसू लागते. वस्त्र आहे की नाही, हा प्रश्न मागे पडतो. खरा प्रश्न घर्षणाचा आहे.

जपानचा ज्युदो, मध्य आशियातील कुराश, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील गुरेन हे कापडाने घर्षण वाढवतात. भारतीय कुस्ती मातीने वाढवते. तुर्कस्तानात एदिर्ने येथे शतकानुशतके भरणाऱ्या किर्कपिनारच्या मैदानात पैलवान याच्या थेट उलट करतात : अंगभर तेल ओततात, म्हणजे पकड लागूच नये आणि लागली तर ती खऱ्या ताकदीची व कसबाची असावी. त्यांच्या कातडी विजारीत हात घालून जी पकड मिळते तेवढीच भरवशाची. नो-गी जिउ-जित्सू या तुर्की टोकाच्या जवळ बसते, आपल्या मातीच्या नव्हे. पहिल्या दोन मिनिटांत घाम सुटला की दोन्ही शरीरे माशासारखी निसटू लागतात.

९/
पायाखालच्या जमिनीने कुस्ती किती बदलते, याचा इतिहासातील सर्वांत गाजलेला पुरावा गामा पैलवानाचा आहे. १० सप्टेंबर १९१० रोजी लंडनमध्ये पोलंडचा स्तानिस्लॉस झ्बिस्को याच्याशी त्याची गाठ पडली. झ्बिस्कोने लवकरच ओळखले की उभ्याने या माणसापुढे टिकाव लागणार नाही. तो गादीवर पालथा पडला आणि अडीच तासांहून अधिक काळ जवळपास तसाच पडून राहिला. कुस्ती निकालाविना थांबवावी लागली.

२९ जानेवारी १९२८ रोजी पतियाळात हे दोघे पुन्हा भिडले. या वेळी खाली माती होती. कुस्ती मिनिटभरात संपली, झ्बिस्को चीत.

अठरा वर्षांत झ्बिस्कोचे वय वाढले होते, हे विसरून चालणार नाही. गामाचेही वाढले होते. पण आपल्या पायाखाली आपलीच माती असणे म्हणजे काय, ते त्या एका मिनिटात सगळ्यांना दिसले.

१०/
आता याच्या उलट बाजू. मातीत वाढलेल्या पैलवानाच्या पायाखालून माती काढून घेतली तर?

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांना गादीवरच्या कुस्तीची सवय नव्हती आणि आंतरराष्ट्रीय नियमांचीही नव्हती. तिथे अमेरिकेचे माजी विजेते रीस गार्डनर यांनी त्यांना शिकवले. खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. नो-गीच्या भाषेत सांगायचे तर अंगरख्यात घडलेल्या खेळाडूला ऐन स्पर्धेत अंगरखा काढायला लावण्यासारखा हा प्रकार होता. गादीवर माती टाकता येत नाही. अंगाला लावता येत नाही. आणि मुक्त शैलीच्या नियमांत प्रतिस्पर्ध्याच्या पोशाखाला धरताही येत नाही; मातीत लांग किंवा चड्डी धरून डाव टाकता येतो, तोही आधार गेला.

११/
मग उरते काय? मान, मनगट, काख आणि पाय. खाशाबांचा आवडता डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला हाताची कव घालायची, त्याचा भार आपल्या अंगावर घ्यायचा आणि फिरवून खाली आदळायचे. या डावाला ना कापड लागते ना माती. लागते ती फक्त प्रतिस्पर्ध्याची मान. ज्या डावाची मुळे मातीत असूनही जो मातीवर अवलंबून नव्हता, तोच त्यांच्याबरोबर परदेशात टिकला. हे ठरवून झाले असेल असे नाही. पण गादीवर कोणते डाव जिवंत राहतात आणि कोणते मरतात, याचे उत्तर नेहमी याच दिशेने मिळते.

१२/
१९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. मग त्यांच्यासमोर आला जपानचा शोहाची इशिई.

येथे गोष्टीला विलक्षण वळण मिळते, कारण इशिई मुळात कुस्तीगीर नव्हताच. तो ज्युदोचा माणूस होता.

१३/
दुसऱ्या महायुद्धात जपान हरल्यावर अमेरिकन लष्करी प्रशासनाने शाळांतून युद्धकला शिकवण्यावर बंदी घातली. ज्युदो त्यात आला. ही बंदी उठायला १९५० साल उजाडले. मधल्या काळात ज्युदोच्या एका पिढीपुढे प्रश्न उभा राहिला की आता करायचे काय. काहींनी अंगरखा उतरवला आणि पाश्चात्त्य कुस्तीची वाट धरली. इशिई त्यांतला.

म्हणजे हेलसिंकीच्या गादीवर समोरासमोर आलेले दोघेही आपापले घर सोडून आलेले होते. एकाने मातीचा अंगरखा मागे ठेवला होता, दुसऱ्याने कापडाचा. लढत पंधरा मिनिटे चालली आणि इशिई अगदी निसटत्या फरकाने जिंकला. पुढे त्याने सुवर्ण मिळवले. त्या ऑलिंपिकमधील जपानचे ते एकमेव सुवर्ण. खाशाबांना पुरेशी विश्रांती न देता लगेच सोव्हिएत मल्ल रशीद मामेदबेकोव याच्यापुढे उभे केले गेले, तीही कुस्ती गेली आणि कांस्यपदक हाती आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक, मग कुस्त्या खेळून फेडलेले कर्ज, पोलीस खात्यातील नोकरी, १९८४ सालचा अपघाती मृत्यू आणि २००० साली मरणोत्तर अर्जुन पुरस्कार : ही पुढची कहाणी महाराष्ट्राला ठाऊक आहे. इशिईची मात्र येथे फारशी कुणाला ठाऊक नाही.

१४/
त्याच बंदीने दुसरा एक ज्युदोका वेगळ्या दिशेला ढकलला. मासाहिको किमुरा हा त्या काळातील बहुधा सर्वश्रेष्ठ ज्युदोका. तो पैशासाठी व्यावसायिक सामने करू लागला आणि ब्राझीलला पोहोचला. २३ ऑक्टोबर १९५१ रोजी रिओच्या माराकाना मैदानात त्याची लढत हेलिओ ग्रेसींशी झाली. दोघांच्याही अंगात अंगरखे होते. किमुराने हेलिओंचे मनगट दोन्ही हातांच्या कैचीत धरून हात पाठीमागे मुरगाळला. हेलिओ हार मानेनात, हात मोडला, अखेर त्यांच्या बाजूने सामना सोडला गेला. त्या डावाला जिउ-जित्सूचे लोक आजही ‘किमुरा’ म्हणतात.

या डावाचे वैशिष्ट्य असे, की अंगरख्यात घडलेल्या माणसाने तो लावला, तरी त्यात कापडाला हात लागत नाही. मनगट धरायचे, आपलेच दुसरे मनगट धरायचे, बस. ढाकेप्रमाणेच हाही प्रवासात टिकणारा डाव. पाश्चात्त्य कॅच कुस्तीत तो आधीपासून होताच, दुसऱ्या नावाने.

१५/
ब्राझीलमध्येही अंगरख्याशिवाय लढणारा एक पंथ होता : लुता लिव्ह्रे, म्हणजे मुक्त कुस्ती. ‘तातू’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या एउक्लिदेस हातेम याने रिओत तो रुजवला. या पंथाकडे गरीब वस्त्यांतील पोरे अधिक वळली. अंगरखा विकत घेणे त्यांना परवडत नव्हते, असे तिथे सांगितले जाते. पुढची पन्नास वर्षे या दोन पंथांत रस्त्यावर, समुद्रकिनाऱ्यावर आणि आखाड्यात मारामाऱ्या झाल्या. १९९१ साली दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या जाहीर सामन्यांत जिउ-जित्सूवाल्यांनी त्यांना हरवले. नो-गीच्या आजच्या चकचकीत इतिहासात लुता लिव्ह्रेचा उल्लेख एखाद्या ओळीत उरकतात. जिंकलेल्यांनी लिहिलेल्या इतिहासात असे होतेच. पण अंगरख्याशिवाय लढण्याचे बरेच ज्ञान त्या हरलेल्या बाजूकडे साठलेले होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

१६/
मग लंगोटातील आपली कुस्ती आणि नो-गी यांत फरक उरतो तो कुठे? केवळ घर्षणात नाही. फरक शेवटात आहे.

कुस्तीत खांदे मातीला लागले की खेळ खलास. चितपट. म्हणून पैलवानाचे सारे शरीर लहानपणापासून एकच गोष्ट शिकते : पाठ जमिनीला लागू द्यायची नाही. अडचणीत आला तर तो पालथा पडतो, मातीला चिकटतो, वरच्याला दमवतो. घिस्सा, भारंदाज, हप्ते हे डाव त्या पालथ्या पडलेल्याला उलटवण्यासाठीच आहेत.

जिउ-जित्सूत याच्या अगदी उलट. तिथे पाठीवर पडणे ही हार नाही. तिथून दोन्ही पायांनी वरच्याला अडकवायचे आणि त्याचा हात किंवा गळा शोधायचा. आणि पालथे पडणे हा तिथे सर्वांत मोठा गुन्हा, कारण पाठीवर बसलेला माणूस मागून गळा आवळतो. झ्बिस्कोने लंडनमध्ये जे अडीच तास केले, ते नो-गीच्या सामन्यात अडीच मिनिटेही जमले नसते.

१७/
कुस्तीतही हात मुरगाळला जातो, मानेवर दाब येतो. पण तो खांदा मातीकडे नेण्यासाठी. हात हे तिथे सुकाणू असते. जिउ-जित्सूत हातच मुक्कामाचे ठिकाण. समोरच्याने थाप मारून हार मानली की सामना संपतो. हार मानण्यासाठी थाप मारणे ही कल्पनाच आपल्या फडात नाही. हलगी थांबते ती खांदे टेकल्यावर.

या फरकाची किंमत एका सामन्यात फार क्रूरपणे दिसली. १२ डिसेंबर १९७६ रोजी कराचीत जपानी कुस्तीगीर अँटोनिओ इनोकी आणि गामाचा पुतण्या अक्रम पैलवान यांची गाठ पडली. इनोकीने अक्रमचा हात त्याच जुन्या दुहेरी मनगटाच्या कैचीत पकडला, जिला किमुराचे नाव मिळाले होते. अक्रम हार मानेना. त्याच्या परंपरेत हात जाणे म्हणजे हरणे नव्हतेच. खांदे कुठे टेकले होते? हात निकामी झाला.

घराण्याची लाज राखली, असे त्याच्या बाजूने म्हणता येईल. दोन नियमपुस्तकांच्या मधल्या फटीत एका माणसाचा हात सापडला, असेही म्हणता येईल.

१८/
१९९३ साली अमेरिकेत पहिली यूएफसी स्पर्धा झाली तेव्हा हेलिओंचा मुलगा रॉइस अंगरखा घालूनच उतरला आणि जिंकला. १९९८ साली अबू धाबीत शेख तहनून बिन झायेद यांच्या पुढाकाराने एडीसीसी स्पर्धा सुरू झाली. तिथे कुस्ती, ज्युदो, साम्बो, जिउ-जित्सू असे सगळे अंगरख्याविना एकाच गादीवर आले आणि नो-गीला खऱ्या अर्थाने आकार मिळाला. सुरुवातीच्या वर्षांत तिथे अमेरिकन कुस्तीगीर मार्क केर याने जेतेपदे मिळवली. मे २००६ मध्ये तोच रॉइस, या वेळी अंगरख्याविना, मॅट ह्यूजपुढे उभा राहिला आणि पहिल्याच फेरीत हरला. ह्यूज हा अमेरिकन महाविद्यालयीन कुस्तीत घडलेला मल्ल. कापड गेल्यावर कुस्तीगिराचे पारडे जड होते, हा धडा सगळ्यांनी घेतला. पण ह्यूजने तोवर गळा आणि हात राखायला शिकून घेतले होते, हे तितक्याच आवर्जून सांगायला हवे.

१९/
काही संदेशांत असेही फिरते की जिउ-जित्सू मुळात भारतीय कुस्तीतूनच निघाले. कधी त्याला बौद्ध भिक्षूंचा प्रवास जोडला जातो. जिउ-जित्सूची वंशावळ कोदोकान ते माएदा ते ग्रेसी अशी स्पष्ट नोंदलेली आहे. तिच्यात आपला आखाडा कुठे येत नाही. आखाड्याचे मोठेपण सिद्ध करायला असल्या वंशावळीची गरजही नाही. भारतीय जोर आणि बैठका मात्र खरोखरच बाहेर गेल्या : इनोकीचे गुरू कार्ल गॉच यांनी जपानमध्ये आपल्या शिष्यांकडून त्या हजारोंनी काढून घेतल्या आणि तिथून त्या आधुनिक मिश्र युद्धकलांच्या सरावात पोहोचल्या.

२०/
आता पुन्हा इंदापूर-बारामतीकडे.

माती की गादी, हा वाद महाराष्ट्रात खाशाबांपासून चालू आहे आणि तो भावनेच्या भाषेतच बहुधा मांडला जातो : माती म्हणजे संस्कृती, गादी म्हणजे परदेशी नियम. घर्षणाच्या भाषेत मांडला तर तो अधिक नीट कळतो. मातीतल्या निकाली कुस्तीला वेळेचे बंधन पूर्वी नसायचे. पकड टिकत असे, डाव हळूहळू पिकत असे आणि दम असलेला जिंकत असे. गादीवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, गुण आणि घसरते अंग. तिथे पट काढण्याची चपळाई जिंकते. ब्राझीलमध्ये अंगरख्याचा खेळ आणि नो-गी यांत जो फरक सांगतात, तो शब्दशः हाच. महाराष्ट्राने नो-गीचे नाव ऐकण्याच्या कितीतरी आधी आपला अंगरखा उतरवण्याचा अनुभव घेतला होता.

२१/
आणि ते उतरवणे फुकटचे नव्हते. जत्रेत नारळावरच्या कुस्तीपासून सुरुवात करणारे पोर दहा-बारा वर्षे मातीत घडते. वस्तादाने त्याच्या हातात बसवलेल्या पकडी मातीच्या भरवशावर बसवलेल्या असतात. मग राष्ट्रीय निवडीसाठी त्याला गादीवर उभे केले जाते, आणि दिल्ली-हरियाणाकडची, लहानपणापासून गादीवर खेळलेली मुले त्याच्या हातून निसटतात. त्याच्या ताकदीत, खुराकात, मेहनतीत खोट नसते. त्याचा अंगरखा काढून घेतलेला असतो, एवढेच. ज्यांना पोराला पहिल्यापासून दोन्हीवर खेळवणे परवडते, ते घर वेगळे. एक हौद आणि एक वस्ताद एवढ्यावर चालणाऱ्या गावच्या तालमीला गादीचा खर्च झेपत नाही.

२२/
नो-गीकडे आणि मिश्र युद्धकलांकडे वळणाऱ्या कुस्तीगिरांपुढे तर दुहेरी ओझे असते. माती सोडायची आणि पाठीची भीतीही सोडायची. शिवाय गळा सांभाळायला शिकायचे, जो कुस्तीत कधी सांभाळावा लागलाच नाही. पट काढायला डोके खाली घालून आत शिरणे ही कुस्तीत उत्तम चाल; नो-गीत तेच डोके समोरच्याच्या काखेत अडकले तर गळफास बसतो. कुस्तीतून आलेला भारत खंडारे हा यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरलेला भारतातील पहिला लढवय्या. २५ नोव्हेंबर २०१७ रोजी शांघायमध्ये चीनच्या साँग यादाँगने त्याला पहिल्याच फेरीत हरवले, तेही समोरून मानेला घातलेल्या अशाच गळफासाने.

२३/
महाराष्ट्र केसरी स्पर्धेत आता माती आणि गादी असे दोन विभाग असतात. दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात. २०१७ साली भूगावला गादी विभागातून आलेल्या अभिजित कटके यांनी मातीतून आलेल्या किरण भगत यांना हरवले. पुढच्या वर्षी जालन्याला कटके पुन्हा अंतिम फेरीत आले. या वेळी समोर होते माती विभागाचे बाला रफिक शेख, इंदापूरला लागूनच असलेल्या करमाळा तालुक्याचे. गदा रफिक यांच्या खांद्यावर गेली.